लोकप्रतिनिधींना मुदतीचे कुंपण?

आमदार-खासदारांना दोनदाच निवडणूक लढविता यावी, तिसऱ्यांदा उभे राहण्यास कायद्यानेच मज्जाव असावा, म्हणजे राजकारण आपोआप निर्मळ होईल, असे मत आपल्या धर्मग्रामांतील सुशिक्षित तरुणांकडून वरचेवर ऐकू येते. मत मांडणारे प्रामाणिक असतात. वर्षानुवर्षे तेच चेहरे, तीच आश्वासने आणि निवडणुकीच्या पंधरवड्यापुरती जागी होणारी तीच आस्था पाहून त्यांचे मन विटलेले असते. शिक्षकाला निवृत्ती आहे, न्यायाधीशाला आहे, पोस्टमनलाही आहे. मग कायदे करणाऱ्यालाच ती का नसावी, हा त्यांचा सवाल झटकून टाकण्याजोगा नाही. त्याचा नीट विचार व्हावा आणि तो शक्यतो आपल्या खानदेशच्या अनुभवाला धरून व्हावा, एवढाच या लेखाचा हेतू.

आपल्या राज्यघटनेने संसद सदस्याने किती वेळा निवडून यावे याला मर्यादा घातलेली नाही. राष्ट्रपतिपदाच्या बाबतीत मात्र घटनेच्या १९४८ च्या मसुद्यात फेरनिवड एकदाच, अशी अट होती. अंतिम घटनेच्या ५७ व्या कलमात ती उरली नाही. तरीही डॉ. राजेंद्र प्रसादांनंतर दुसऱ्यांदा कोणी राष्ट्रपती झालेले नाही. कायद्याने जे सोडून दिले ते संकेताने सांभाळले, असे याबाबतीत म्हणता येईल.

प्रश्नाच्या मुळाशी असलेला नैतिक विचार आपल्या भाषेत दोन शब्दांत सांगता येतो : ठेव आणि वतन. ठेव दुसऱ्याची असते. ती सांभाळायची आणि मागताक्षणी परत करायची. वतन आपले असते. ते भोगायचे आणि मुलाच्या हाती सोपवायचे. महाराष्ट्राने १९६२ साली कायदा करून मुलकी पाटलांची वंशपरंपरागत पाटीलकी रद्द केली, त्यामागे हाच विचार होता. गावचा कारभार कोणाच्या घराण्याची मालमत्ता नाही, हे स्वतंत्र देशाने लेखी सांगितले. त्याच सुमारास ग्रामपंचायती, पंचायत समित्या आणि जिल्हा परिषदा यांची नवी व्यवस्था उभी राहिली. चावडी गेली, कचेरी आली. परंतु कचेरीतल्या खुर्चीवर पुष्कळ ठिकाणी चावडीवरचेच आडनाव बसले, हेही आपण डोळ्यांनी पाहिले आहे. कायदा वतनाचा कागद फाडू शकतो. वतनाची सवय त्याच्या हाती सापडत नाही.

मुदतीच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे पूर्ण ताकदीनिशी मांडले पाहिजे. निवडून आलेला माणूस आणि त्याचा नवखा प्रतिस्पर्धी यांच्यातली लढत बरोबरीची नसते. खासदार स्थानिक विकास निधीची योजना डिसेंबर १९९३ मध्ये सुरू झाली. २०११-१२ पासून तिची रक्कम दरसाल पाच कोटी रुपये करण्यात आली. समाजमंदिर, सभामंडप, बसथांब्याचा निवारा, रस्त्याचा तुकडा, या प्रत्येकावर नाव झळकते. ठेकेदार ओळखीचा होतो, अधिकारी ओळखीचा होतो, लग्नकार्याची आणि दशक्रियेची यादी कार्यकर्त्यांकडे तयार असते. दहा-पंधरा वर्षांत हे जाळे इतके घट्ट विणले जाते की चांगला मनुष्य समोर उभा राहण्याचे धाडसच करीत नाही. मग मतदाराला स्वातंत्र्य आहे असे म्हणणे म्हणजे एकाच दुकानाच्या गावात गिऱ्हाइकाला निवडीचे स्वातंत्र्य आहे असे म्हणण्यासारखे होय. शिवाय फार काळ अधिकारात राहिलेल्या माणसाला आपल्यावाचून अडेल असे वाटू लागते. हा मोह राजकारण्यांनाच होतो असेही नाही.

एवढे मान्य करून आता वस्तुस्थितीकडे वळू. पहिलीच अडचण अशी की, आपली लोकसभा वाटते तितकी जुन्यांनी भरलेली नाही. २०२४ च्या निवडणुकीत निवडून आलेल्या ५४३ सदस्यांपैकी २८० जण लोकसभेत प्रथमच आले. म्हणजे निम्म्याहून अधिक सभागृह कोऱ्या पाटीचे. अमेरिकेत मुदतीची चळवळ उठली ती विद्यमान सदस्यांतील बहुतेक जण पुन्हापुन्हा निवडून येत होते म्हणून. आपला मतदार प्रतिनिधीला घरी बसविण्यात मुळीच मागे नाही. जे औषध सुचविले जात आहे ते निम्म्याहून अधिक प्रमाणात दर निवडणुकीला दिलेच जाते. तरी ताप उतरत नाही. याचा अर्थ रोग दुसरीकडे असावा.

तो कोठे आहे हे पाहण्यास दूर जायला नको. आपला शेजारचा नंदुरबार जिल्हा घ्या, जो १ जुलै १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्याचाच भाग होता. नंदुरबारच्या आदिवासी राखीव मतदारसंघातून माणिकराव गावित १९८१ साली लोकसभेवर गेले आणि त्यानंतर २००९ पर्यंत, ओळीने नऊ वेळा निवडून आले. २००९ च्या लोकसभेत ज्येष्ठतेमुळे हंगामी अध्यक्षपदाचा मान त्यांना मिळाला. तेहतीस वर्षे एकच खासदार! मुदतीच्या कायद्याची आवश्यकता सिद्ध करायला याहून चपखल उदाहरण सापडणार नाही. आणि २०१२ च्या राज्य मानव विकास अहवालात नंदुरबार सर्व जिल्ह्यांत तळाशी होता, हे त्याला जोडले की खटला जिंकल्यासारखाच वाटतो.

परंतु पुढचा इतिहासही वाचला पाहिजे. २०१४ मध्ये मतदारांनी, कोणत्याही कायद्याच्या मदतीवाचून, माणिकरावांना पराभूत केले. त्यांच्या जागी डॉ. हीना गावित आल्या. तरुण, सुशिक्षित, डॉक्टर. मात्र त्या १९९५ पासून नंदुरबारचे आमदार असलेल्या डॉ. विजयकुमार गावित यांच्या कन्या. २०१९ मध्ये त्या पुन्हा निवडून आल्या. २०२४ मध्ये त्यांचाही पराभव झाला आणि गोवाल पाडवी खासदार झाले. ते सात वेळा आमदार राहिलेले के. सी. पाडवी यांचे चिरंजीव. माणिकरावांच्या कन्या निर्मला गावित यांनीही इगतपुरीचे आमदारपद दोनदा भूषविले होते. या व्यक्तींच्या योग्यतेविषयी मला काहीही म्हणायचे नाही; त्यांच्यापैकी कोणी वाईट काम केले असा माझा मुळीच आरोप नाही. म्हणायचे ते इतकेच की, माणूस बदलला, पक्ष बदलला, पिढी बदलली, तरी दिल्लीचा दरवाजा ठरावीक घरांच्या अंगणातच उघडत राहिला. सातपुड्याच्या एखाद्या पाड्यावरच्या हुशार शिक्षिकेला तो दिसलाही नाही. दोन मुदतींचा कायदा १९८१ मध्ये असता, तर माणिकराव १९८९ पर्यंत निवृत्त झाले असते. त्यांच्यामागून ती शिक्षिका आली असती, असे मानायला मला तरी आधार सापडत नाही.

फिलिपीन्स या बहुसंख्य कॅथलिकांच्या देशाचा अनुभव याच दिशेने बोट दाखवितो. मार्कोस यांची हुकूमशाही कोसळल्यावर १९८७ साली तेथे नवी घटना झाली. प्रतिनिधिगृहाच्या सदस्याला तीन-तीन वर्षांच्या लागोपाठ तीनच मुदती, असे तिने ठरविले. हेतू उदात्त होता. घडले असे की, नऊ वर्षे संपली की पतीच्या जागी पत्नी, पत्नीच्या जागी मुलगा, आणि पती तोवर प्रांताचा गव्हर्नर किंवा शहराचा महापौर. मग एक मुदत उलटली की पुन्हा अदलाबदल. पूर्वी एका घरातला एक जण राजकारणात असे, आता खुर्ची राखण्यासाठी चौघे आले. गंमत म्हणजे राजकीय घराण्यांना राज्याने मनाई करावी असेही त्याच घटनेत लिहिलेले आहे. पण घराण्याची व्याख्या संसदेने कायद्याने करायची होती, आणि तीन दशकांहून अधिक काळ तसा सर्वसाधारण कायदा झालाच नाही. तो करणारे कोण, हे सांगायला नको.

पवित्र शास्त्राच्या वाचकांना यात नवल वाटू नये. शमुवेल हा जन्मभर निःस्पृह राहिलेला न्यायाधीश. म्हातारपणी त्याने आपले पुत्र योएल आणि अबीया यांना बैर-शेबा येथे न्यायाधीश नेमले, आणि ते लाच खाऊ लागले. लोक इतके कंटाळले की त्यांनी राजाच मागितला. वडिलांच्या चारित्र्याचा वारसा मुलांना मिळाला नाही. अधिकार मात्र मिळाला.

आता नाण्याची दुसरी बाजू. सोलापूर जिल्ह्यातील सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा विधानसभेवर निवडून आले. १९६२ साली पहिल्यांदा. मध्यंतरी १९७२ आणि १९९५ मध्ये लोकांनी त्यांना पाडलेही. २०१४ ची निवडणूक त्यांची शेवटची. शेतकरी कामगार पक्षाचा हा माणूस बहुतेक काळ विरोधी बाकांवर बसला. दुष्काळी तालुक्याचे पाणी, रोजगार हमी, सूतगिरणी हे त्यांचे विषय, आणि त्यांच्या साध्या राहणीबद्दल विरोधकांनीही कधी शंका घेतली नाही. ३० जुलै २०२१ रोजी ते वारले तेव्हा सर्व पक्षांनी शोक केला. दोन मुदतींचा नियम असता तर हा माणूस १९७२ पूर्वीच इतिहासजमा झाला असता. रोजगार हमीचा कायदा त्यानंतरचा आहे. पाण्याच्या योजना तर पाच-दहा वर्षांत पुऱ्या होतच नाहीत. आपल्याकडे अमळनेर तालुक्यात पाडळसे येथील निम्न तापी प्रकल्प गेल्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला. २०२५ सालीही तो पूर्णत्वाची वाट पाहत होता. अशा कामाचा कागद कोणत्या टेबलावर अडकला आहे, कोणत्या वर्षी कोणी काय कबूल केले होते, हे लक्षात ठेवणारा कोणीतरी सभागृहात असावाच लागतो. नाहीतर दर पाच वर्षांनी नवा प्रतिनिधी आणि नवा नारळ.

प्रामाणिकपणाने हेही नोंदविले पाहिजे की, सांगोल्यातही गणपतरावांनंतर २०१९ मध्ये त्यांचे एक नातू उभे राहिले आणि थोडक्यात पडले, आणि २०२४ मध्ये दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख निवडून आले. साध्या माणसाचे नावसुद्धा वारसा होऊन बसते. लोकांनाच ते हवे असते, हा या सगळ्या प्रकरणातील सर्वांत अवघड भाग आहे.

पण मुदतीच्या बंधनाचा प्रयोग आपण कधी केलाच नाही, हे म्हणणे खरे नाही. तो आपल्या गावोगावी चालू आहे. त्याला आपण त्या नावाने ओळखत नाही इतकेच. १९९२ ची त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली, आणि महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत महिलांना निम्म्या जागा राखीव झाल्या. या राखीव जागा फिरत्या आहेत. सरपंचपद कोणासाठी राखीव, हे तहसीलच्या ठिकाणी सोडतीने ठरते. आज एका प्रवर्गातील महिलेसाठी, पुढच्या खेपेस दुसऱ्यासाठी, त्यानंतर कदाचित खुले. जी व्यक्ती आज सरपंच आहे तिला पाच वर्षांनी ते पद बहुधा मिळतच नाही. ही एका मुदतीची मर्यादाच झाली. जिल्हा परिषदेचे अध्यक्षपद आणि महापौरपद तर अडीच वर्षांचेच.

जळगाव शहराला लागून असलेले असोदा घ्या. बहिणाबाई चौधरींचे माहेर म्हणून हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्यांच्या काळी गावच्या चावडीवर स्त्रीने बसावे ही कल्पनाही कोणी केली नसती. आज असोद्यात काय किंवा शेजारच्या कोणत्याही गावात काय, सोडतीची चिठ्ठी निघाली की स्त्री सरपंच होते. हे फिरत्या आरक्षणाचे पुण्य आहे आणि ते थोडे नाही. वतनाची खरी मोडतोड कोणी केली असेल तर ती या चिठ्ठीने.

तिची किंमत मात्र आहे. मी पूर्वी ज्या भागात सेवेत होतो तेथील एका लहान गावच्या सरपंचबाईंचे बोलणे मला आठवते. पहिली दोन वर्षे त्या ग्रामसेवक दाखवील तेथे सही करीत असत आणि मासिक सभेत त्यांचे पती बोलत. तिसऱ्या वर्षी त्यांनी हिशेबाच्या वह्या घरी मागवून मुलीकडून वाचून घेतल्या. चौथ्या वर्षी पाणीपुरवठ्याच्या बिलात एकच पाइपलाइन दोनदा दाखविलेली त्यांनी पकडली आणि धनादेशावर सही नाकारली. पाचव्या वर्षी आरक्षण बदलले. "फादर, आता कुठं मला कळाया लागलं व्हतं," असे त्या म्हणाल्या. त्यात तक्रारीपेक्षा आश्चर्यच अधिक होते. त्यांच्यानंतर आलेल्या सरपंचांना पुन्हा पहिल्या इयत्तेपासून प्रारंभ करावा लागला. ग्रामसेवकाला मात्र सगळे पाठ होते, आणि ठेकेदारालाही.

एका प्रसंगावरून सिद्धान्त काढू नये. रिखिल भवनानी या अभ्यासकाने मुंबई महापालिकेच्या प्रभागांचा अभ्यास करून २००९ साली दाखवून दिले की, जो प्रभाग आधीच्या निवडणुकीत महिलांसाठी राखीव होता, तो पुढे खुला झाल्यावरही तेथून स्त्री निवडून येण्याची शक्यता, कधीच राखीव नसलेल्या प्रभागाच्या सुमारे पाचपट होती. म्हणजे एकदा दार उघडले की ते पुरते बंद होत नाही. हा निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो. त्यातून दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत टळते : नव्यांना आत आणणे ही एक गोष्ट, आणि शिकलेल्यांना बाहेर काढणे ही दुसरी. चिठ्ठीने पहिली गोष्ट साधली, आणि तिच्यासोबत दुसरीही केली. पहिलीसाठी तिचे आभार मानावेत. दुसरीला सुधारणा म्हणू नये.

जाणते प्रतिनिधी गेले की सत्ता हवेत विरत नाही, ती कोणाच्या तरी हाती जाते. अमेरिकेत १९९० साली कॅलिफोर्निया, कोलोरॅडो आणि ओक्लाहोमा या राज्यांनी आपल्या विधिमंडळ सदस्यांना मुदतीची मर्यादा घातली. देशाच्या काँग्रेसला ती राज्यांनी घालू नये, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी दिला, आणि घटनादुरुस्तीचा प्रयत्नही त्याच वर्षी प्रतिनिधिगृहात फसला. राज्यांतील अनुभवाचा अभ्यास करणाऱ्यांना पुढे बहुतांशी असे आढळले की, गव्हर्नर, सचिवालय आणि व्यापारी हितसंबंधांचे मध्यस्थ यांचे वजन वाढले. कॅलिफोर्नियाने २०१२ मध्ये आपला नियम सैल करून एकाच सभागृहात बारा वर्षे राहण्याची मुभा दिली. मेक्सिकोची कथा याहून वळणांची आहे. १९३३ मध्ये लागोपाठ निवडून येण्यास बंदी, २०१४ मध्ये ती उठली, आणि २०२५ मध्ये पुन्हा ती २०३० पासून लागू करण्याचे ठरले. बंदीच्या दीर्घ काळात तेथे एकाच पक्षाने सात दशके राज्य केले. पुढची नेमणूक मतदाराच्या नव्हे, पक्षप्रमुखाच्या हाती असल्यामुळे प्रतिनिधी त्याच्याकडेच तोंड करून उभा राही.

अधिकाऱ्यांच्या हाती कारभार गेला की काय होते, हे महाराष्ट्राने नुकतेच अनुभवले. २०२२ पासून राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदांत व महापालिकांत निवडणुका रखडल्याने काही वर्षे प्रशासक बसले. फायली हलत होत्या, पगारही होत होते. परंतु गटारीची तक्रार घेऊन कोणाच्या ओट्यावर जायचे, हे म्हातारीला ठाऊक नव्हते. वाईट नगरसेवकालाही दार असते.

मेक्सिकोच्या अनुभवाला आपल्याकडे तंतोतंत जोड आहे. जळगाव लोकसभा मतदारसंघात ए. टी. पाटील २००९ आणि २०१४ मध्ये निवडून आले. २०१९ मध्ये त्यांना उमेदवारी मिळाली नाही. त्या वेळी प्रथम स्मिता वाघ यांचे नाव जाहीर झाले, मग ते बदलून उन्मेष पाटील यांना देण्यात आले, आणि ते निवडून आले. २०२४ मध्ये त्यांना डावलून स्मिता वाघ यांना उमेदवारी मिळाली, आणि त्या निवडून आल्या. तीन निवडणुकांत तीन खासदार, पक्ष तोच. मुदतीचा कायदा जे करू पाहतो ते येथे आपोआप झाले. पण कोणाच्या इच्छेने? जळगाव, पाचोरा, चाळीसगावच्या मतदारांनी या खासदारांचे प्रगतिपुस्तक तपासून निकाल दिला असे नव्हे. निकाल वर कोठेतरी बंद खोलीत लागला. त्यात भर १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीची. पक्षांतराला आळा घालण्याचा तिचा हेतू रास्त होता. पण पक्षादेश मोडून मत दिले तर सदस्यत्व जाते, अशी तिची तरतूद असल्याने खासदाराचे मत हे त्याचे राहिलेलेच नाही. ज्याला स्वतःच्या विवेकाप्रमाणे हात वर करता येत नाही, तो दोन मुदती बसला काय आणि नऊ मुदती बसला काय!

काँग्रेसच्या जुन्या इतिहासातही हा धडा आहे. डिसेंबर १९३६ मध्ये आपल्या यावल तालुक्यातील फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. त्या काळी अध्यक्ष वर्षाचा असे. फैजपूरला नेहरू होते, पुढे हरिपुराला सुभाषबाबू आले. सुभाषबाबूंनी १९३९ मध्ये दुसऱ्या वर्षासाठी निवडणूक जिंकली, आणि तरीही काही महिन्यांतच त्यांना राजीनामा द्यावा लागला. कारण खरे वजन ज्या गांधीजींपाशी होते त्यांनी १९३४ मध्येच काँग्रेसचे साधे सभासदत्वही सोडलेले होते. खुर्चीला मुदत घालता येते. वजनाला घालता येत नाही. गांधीजींच्या वजनामागे त्याग होता, म्हणून आपण ते आदराने स्मरतो. इतरांच्या वजनामागे काय असते हे ज्याने त्याने पाहावे.

केरळात मार्क्सवादी पक्षाने २०२१ मध्ये लागोपाठ दोनदा आमदार झालेल्यांना सरसकट उमेदवारी नाकारली. थॉमस आयझॅक यांच्यासारखे अर्थमंत्री त्यात गेले. पक्ष तरीही जिंकला. शिस्तीचे हे उदाहरण कौतुकास्पद खरे. त्याच पक्षाने २०२२ मध्ये वयाच्या अटीतून मुख्यमंत्री पिनराई विजयन यांना सूट दिली, हेही विसरू नये.

कोणी विचारील, तुमच्या ख्रिस्तसभेत काय आहे? आमच्याकडे मुदती आहेत आणि पुष्कळ आहेत. बिशपस्वामी पंचाहत्तराव्या वर्षी राजीनामा सादर करतात. ऐंशी उलटलेल्या कार्डिनलला पोपच्या निवडणुकीत मत नसते. संन्यासी संस्थांच्या वरिष्ठांना ठरावीक कालावधी असतो. भाविकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांच्या चालकांना लागोपाठ दहा वर्षांची कमाल मर्यादा रोमने जून २०२१ मध्ये घातली, आणि तीही एकेका संस्थापकाभोवती माणसे फार काळ गोळा होऊन राहिल्याचे दुष्परिणाम पाहून. आम्हा धर्मगुरूंच्या बदल्या तर ठरलेल्याच. बदलीचे पत्र येते तेव्हा वाईट वाटते, आणि वर्षभराने ते योग्यच होते असे कळते. तथापि हा दाखला संसदेला जसाच्या तसा लागू पडत नाही. मला नेमणारे आणि हलविणारे बिशप आहेत. माझ्या मागून येणाऱ्याची व्यवस्था तेच करतात, आणि माझा पुतण्या माझ्या जागी येण्याचा संभव नाही. खासदाराला नेमणारे लोक आहेत. त्यांचा हात धरून "हा नको" असे कायद्याने म्हणणे ही गोष्ट वेगळ्या जातीची आहे. ती कधीच करू नये असे नाही; पण तिला सबळ कारण हवे.

असे कारण मला जेथे पैसा आणि नेमणुका एका सहीवर अवलंबून असतात तेथे दिसते : अध्यक्ष, सभापती, पक्षाचे पदाधिकारी, सहकारी संस्थांचे संचालक. सहकारी बँकांच्या संचालकांना २०२० च्या कायद्याने लागोपाठ आठ वर्षांची मर्यादा लागू झाली. तिची धग लागू लागताच ती शिथिल करण्याची मागणी झाली, आणि २०२५ मध्ये ती दहा वर्षांची झाली. खानदेशातील शेतकऱ्याचे कर्ज, त्याच्या ऊस-केळीचे पैसे आणि त्याच्या मुलाची नोकरी ज्या खोलीत ठरते ती खोली संसदेची नसते. तेथे मुदत कडक असावी. जो फक्त बोलतो, प्रश्न विचारतो आणि मत देतो, त्या सदस्याच्या अनुभवाचे मोल अधिक आहे आणि त्याच्यापासूनचा धोका कमी. त्याला मर्यादा घालायचीच तर ती लागोपाठ तीन मुदतींची असावी, आणि एका मुदतीच्या अंतराने परतण्यास मुभा असावी. मात्र त्यापूर्वी दोन गोष्टी झाल्या पाहिजेत. पक्षादेशाची सक्ती सरकार टिकविण्याच्या मतदानापुरतीच उरावी, आणि उमेदवार निवडण्यात त्या मतदारसंघातील पक्षसभासदांना मत असावे. या दोन गोष्टींवाचून मुदतीचा कायदा आणला तर मतदाराच्या हातून काढलेला अधिकार थेट पक्षश्रेष्ठींच्या हातात पडेल.

गावपातळीवर सरपंचपदाचे आरक्षण एका मुदतीऐवजी लागोपाठ दोन मुदतींनंतर फिरावे, असे मला वाटते. चौथ्या वर्षी हिशेब कळू लागलेल्या बाईला पाचवे संपल्यावर आणखी पाच मिळावीत. २०२३ च्या एकशे सहाव्या घटनादुरुस्तीने लोकसभेत व विधानसभांत महिलांसाठी एकतृतीयांश जागा राखीव ठेवण्याचे ठरविले आहे, आणि त्या जागा दर निवडणुकीला नव्हे, तर मतदारसंघांच्या दर पुनर्रचनेनंतर फिरतील अशी तरतूद आहे. दिल्लीने स्वतःसाठी जो अवधी योग्य मानला तो खेड्यातल्या सरपंचबाईला का नको?

राहिला प्रश्न घराण्यांचा. नातलगांना बंदी घालणे न्याय्य ठरेल का? अमक्याच्या पोटी जन्मलो हा कोणाचा अपराध नव्हे, आणि वडिलांच्या पुण्याईसाठी मुलाला बक्षीस देऊ नये हे जितके खरे, तितकेच त्यांच्या पदासाठी त्याला शिक्षा करू नये हेही खरे. कायमची बंदी मला अन्यायाची वाटते. पण मुदत संपलेल्या प्रतिनिधीच्या जागी लगतच्या निवडणुकीत, त्याच मतदारसंघातून, त्याचा पती, पत्नी, अपत्य, भाऊ किंवा सून यांना उभे राहता येऊ नये, एवढे बंधन मी मान्य करीन. त्यांनी पाच वर्षे थांबावे, किंवा दुसऱ्या तालुक्यात जाऊन, जेथे त्यांचे आडनाव कोणी ओळखत नाही, तेथे मते मागावीत.